कोठडीचा मक्ता आणि कर्तृत्वाचा प्रश्न

माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कोंडून ठेवण्याचा अधिकार कोणाला असतो, हा राज्यविचारातील जुना प्रश्न असून त्याचे रूढ उत्तर असे की, तो राज्यसंस्थेला असतो आणि तोही कायद्याने आखून दिलेल्या मर्यादेत. हे उत्तर मान्य केले तरी त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न शिल्लक राहतो. राज्यसंस्थेने हा अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला ठरावीक रकमेच्या बोलीवर, म्हणजे मक्त्याने, वापरायला दिला, तर कोंडण्याच्या कर्माचा कर्ता कोण ठरतो: आज्ञा देणारे शासन, कुलूप लावणारी कंपनी, तिचा पगारी पहारेकरी, की कर आणि मत देऊन या व्यवस्थेला मान्यता देणारा नागरिक? प्रस्तुत निबंधात हा प्रश्न अमेरिकेतील खासगी स्थानबद्धता केंद्रांच्या संदर्भात मांडला आहे, कारण तेथे ही पद्धत फार मोठ्या प्रमाणावर राबवली गेली आहे आणि न्यायालयीन दाव्यांमुळे तेथील रोजच्या जीवनाचे तपशील उजेडात आले आहेत. प्रश्नाची उकल करताना मात्र भारतीय परंपरेतील कर्तृत्वविचाराचा आधार घेतला आहे, कारण काम दुसऱ्याकडून करवून घेतल्याने त्याचा दोष सुटतो काय, याचा विचार त्या परंपरेने बारकाईने केलेला आहे.

प्रथम स्थानबद्धता आणि शिक्षा यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. गुन्हा शाबीत झाल्यावर न्यायालय जो तुरुंगवास ठोठावते, ती शिक्षा होय. परंतु परदेशी नागरिकाच्या वास्तव्याचा किंवा आश्रयाच्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत, अथवा त्याची हद्दपारी पार पडेपर्यंत, त्याला ताब्यात ठेवणे ही अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने दिवाणी स्वरूपाची कारवाई आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली, चिनी स्थलांतरितांविरुद्धच्या कायद्यांच्या काळात, असा निर्णय दिला की, हद्दपारीसाठी तात्पुरते अडकवून ठेवणे शासनाला मोकळे असले तरी रीतसर खटला चालवल्याखेरीज अशा माणसाला सक्तमजुरी देता येणार नाही, कारण सक्तमजुरी ही शिक्षा आहे. गुलामगिरी रद्द करणारी १८६५ ची तेरावी घटनादुरुस्तीही सक्तीच्या श्रमाला एकच अपवाद ठेवते, आणि तो अपवाद गुन्हा सिद्ध झालेल्यांपुरता आहे. म्हणजेच स्थानबद्ध माणूस शिक्षा भोगणारा कैदी नसतो, ही गोष्ट तत्त्वतः सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मान्य आहे. प्रत्यक्षात त्याचे जगणे कैद्याच्या जगण्याहून फारसे वेगळे नसते, आणि या विसंगतीतच पुढील सर्व नैतिक प्रश्नांचे मूळ आहे.

अशा माणसांना सांभाळण्याचे काम खासगी कंपन्यांकडे गेले ते १९८० च्या दशकात. १९८३ मध्ये नॅशव्हिल येथे स्थापन झालेल्या करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने पुढच्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये स्थलांतरितांना ठेवण्याचे काम सुरू केले आणि स्वतःची इमारत तयार होईपर्यंत एका मोटेलचा वापर केला. त्यानंतरच्या चार दशकांत या धंद्याचा इतका विस्तार झाला की, २०२३ च्या सुमारास स्थलांतर विभागाच्या ताब्यातील दर दहांपैकी सुमारे नऊ माणसे खासगी कंपन्यांनी चालवलेल्या केंद्रांत होती. २००९ पासून काही वर्षे तर अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्पी तरतुदीतच ३३,४०० आणि पुढे ३४,००० खाटा राखण्याचे कलम होते, आणि अनेक करारांत खाटा रिकाम्या राहिल्या तरी ठरावीक किमान संख्येचे पैसे कंपनीला देण्याची हमी असते. कोणाला अडकवावे याचा निर्णय कायद्याने करावयाचा आणि किती खाटांचे पैसे द्यावयाचे हे करारात आधीच ठरवून ठेवावयाचे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की गरजेप्रमाणे खाट ठेवावी की खाटेप्रमाणे गरज शोधावी, अशी शंका उपस्थित होणे स्वाभाविक ठरते.

वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा शहरात, बंदरालगतच्या औद्योगिक पट्ट्यात २००४ साली सुरू झालेले आणि २००५ पासून जिओ ग्रुप या कंपनीच्या हाती असलेले केंद्र हे या व्यवस्थेचे चांगले उदाहरण आहे. त्याची क्षमता १,५७५ माणसांची आहे. तेथील दिवसाचा क्रम बहुतांशी शासनाने ठरवून दिलेल्या मानकांवर चालतो; ही मानके म्हणजे केंद्रात कोणती सोय किती प्रमाणात असावी याची तपशीलवार नियमावली होय. दिवसातून तीन वेळा जेवण, त्यांपैकी दोन वेळा गरम, आणि रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी यांत चौदा तासांहून अधिक अंतर असू नये. प्रत्येक पाळीत माणसांची मोजदाद व्हावी. ठरावीक वेळ उघड्या हवेत फिरता यावे. आठवड्यातून काही तास कायद्याच्या ग्रंथालयात बसता यावे. दूरध्वनी, भेटी, वैद्यकीय तपासणी आणि उपासना यांची व्यवस्था असावी, असे त्यात सांगितलेले असते. जोखमीच्या श्रेणीनुसार कपड्यांचा रंगही ठरतो. आपला बिछाना रोज आवरणे, सुटे कागद नीट रचून ठेवणे, जमिनीवर कचरा पडू न देणे आणि खाटेला कपडे न लटकवणे, एवढी चार कामे प्रत्येकाने विनामोबदला करावयाची असतात. त्यापलीकडचे सर्व काम ऐच्छिक समजले जाते.

या ऐच्छिक कामाचे स्वरूप पाहिले की केंद्र कोणाच्या श्रमावर चालते हे कळते. भाजी चिरणे, अन्न शिजवण्यास मदत करणे, ताटे वाढणे, भांडी घासणे, शेकडो माणसांचे कपडे धुऊन घडी घालणे, सामायिक स्नानगृहे व शौचालये स्वच्छ करणे, केस कापणे, भिंती रंगवणे, अशी पहारा सोडून उरलेली बहुतेक कामे स्थानबद्ध माणसेच करीत असत आणि त्याबद्दल त्यांना दिवसाला एक डॉलर मिळे. हा दर आजचा नाही. तो १९५० च्या सुमारास ठरला आणि १९७८ नंतर संसदेने त्याला हात लावलेला नाही. शासकीय मानकांनी हा दर किमान म्हणून सांगितला होता. याच कंपनीने अन्य काही केंद्रांत दिवसाला एकाहून अधिक डॉलर दिल्याचेही पुढे न्यायालयात दिसून आले. रात्रीच्या वेळी फरशा घासून चकचकीत करण्यासारख्या कामांचा मोबदला काही वेळा वेफर आणि गोळ्या-चॉकलेटांच्या रूपात दिला गेला, असा आरोप राज्य सरकारच्या दाव्यात होता. या एका डॉलरचा उपयोग केंद्रातल्याच दुकानातून साबण, सुकी खाद्ये किंवा घरी फोन करण्याची मिनिटे विकत घेण्यासाठी होत असे, म्हणजे कंपनीने दिलेले पैसे केंद्राच्या भिंतींतच पुन्हा खर्ची पडत. मार्च २०१४ मध्ये येथे उपोषण झाले तेव्हा पहिल्या टप्प्यात सुमारे ७५० जणांनी जेवण नाकारल्याचे खुद्द स्थलांतर विभागानेच सांगितले होते, आणि अन्नाचा दर्जा व कामाचा मोबदला या दोन्ही गोष्टी त्यांच्या तक्रारींत होत्या.

२०१७ साली वॉशिंग्टन राज्याने आणि स्थानबद्धांनी स्वतंत्रपणे दावे दाखल केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ज्यूरीने किमान वेतनाचा फरक म्हणून १ कोटी ७३ लाख डॉलर स्थानबद्धांना द्यावेत असा निर्णय दिला आणि न्यायाधीशांनी कंपनीला झालेल्या अन्याय्य लाभापोटी आणखी ५९ लाख डॉलर राज्याला देण्यास सांगितले. त्या वेळी राज्यातील किमान वेतन ताशी १३.६९ डॉलर होते. कंपनीचा एक युक्तिवाद असा होता की, राज्य स्वतःच्या तुरुंगांतील कैद्यांना किमान वेतन देत नाही, मग ते आमच्याकडूनच का मागावे. या युक्तिवादाला मिळालेले उत्तर तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. राज्याच्या कायद्यात शासकीय संस्थांत ठेवलेल्या माणसांपुरता अपवाद आहे, खासगी संस्थेसाठी तो नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आणि जानेवारी २०२५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने मूळ निर्णय कायम केला. शौचालय तेच, ते घासणारा माणूस तोच, पण त्या श्रमाचे फळ सार्वजनिक तिजोरीत जाते की भागधारकाच्या खिशात, यावरून त्या कर्माचे स्वरूप बदलते, असा या निर्णयाचा गाभा म्हणता येईल. अर्थात निकालानंतर कंपनीने ही कामाची योजनाच थांबवली आणि स्थानबद्धांना तो एक डॉलरही मिळेनासा झाला, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. न्यायालयाने श्रमाची किंमत ठरवली, पण कोंडलेल्या माणसाच्या हाती वाटाघाटीचे कोणतेही सामर्थ्य त्यामुळे आले नाही.

या प्रसंगाकडे भारतीय कर्तृत्वविचाराच्या दृष्टीने पाहिले असता एक वेगळीच मांडणी हाती येते. पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसेसारख्या दोषांचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेला दोष कृत, दुसऱ्याकडून करवलेला तो कारित आणि दुसऱ्याने केलेल्या दोषाला दिलेली संमती ती अनुमोदित. हे तिन्ही प्रकार लोभ, क्रोध किंवा मोह यांपैकी एखाद्यातून उद्भवतात आणि प्रत्येक सौम्य, मध्यम किंवा तीव्र असू शकतो. अशा रीतीने व्यासभाष्य हिंसेचे सत्तावीस भेद मोजते आणि पुढे त्यांचेही पोटभेद करून एक्याऐंशीपर्यंत जाते. भाष्याने दिलेली उदाहरणे सूचक आहेत. मांस आणि कातडे मिळावे म्हणून केलेली हिंसा लोभाची, याने माझे वाईट केले म्हणून केलेली क्रोधाची आणि यातून मला पुण्य लाभेल या समजुतीने केलेली मोहाची. या विभागणीत करवून घेणाऱ्याचा दोष करणाऱ्याकडे ढकलून देता येत नाही, कारण दोघांच्या वाट्याला स्वतंत्र दोष येतो; काम जितक्या हातांतून जाते तितके कर्ते वाढतात आणि कोणाचाही वाटा कमी होत नाही.

हा विचार केवळ साधकाच्या आत्मपरीक्षणापुरता नव्हता, याचा पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. त्याच्या चौथ्या अधिकरणात राज्याच्या खात्यांवर देखरेख कशी ठेवावी हे सांगताना बंधनागाराच्या, म्हणजे तुरुंगाच्या, अध्यक्षासाठी दंडांची एक मालिकाच दिली आहे. कोंडलेल्या माणसाकडून काम करून घेतल्यास ४८ पण, त्याचे अन्नपाणी अडवल्यास अथवा त्याला परस्पर दुसरीकडे हलवल्यास ९६ पण, त्याला छळल्यास वा लाच उकळल्यास त्याहून जबर दंड आणि मारहाणीत तो मेल्यास १,००० पण, अशी ती चढती भाजणी आहे. त्याच प्रकरणात बंदिवानाचे झोपणे, बसणे, जेवणे, मलमूत्रविसर्जन आणि हालचाल यांत अडथळा आणणाऱ्याला तीन पणांपासून वाढत जाणारा दंड सांगितला असून तो करणाऱ्यालाही आहे आणि करवणाऱ्यालाही. कौटिल्य काही दयाळू राज्यशास्त्रज्ञ म्हणून ओळखला जात नाही. त्याच्या ग्रंथात कठोर देहदंडांची कमतरता नाही. तरीही कोंडण्याचा अधिकार आणि कोंडलेल्याचा लाभ उठवण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट राज्याच्या सेवकालाही नाही, हे त्याने पणांच्या हिशेबात नेमके बसवले आहे.

राज्याचा अधिकार बोली लावून विकल्यास काय होते, याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती लिलावाने देण्याची पद्धत बळावली आणि तिचे वर्णन एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात केले आहे. मामलेदाराकडे वसुलीबरोबर न्यायाचे व बंदोबस्ताचे अधिकारही असत. साहजिकच ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे करावयाचे त्याच्याच कचेरीत ते मांडण्याची वेळ रयतेवर येई, आणि बोलीची रक्कम भरून निघाली की वरच्या दरबाराला त्या गाऱ्हाण्यात रस उरत नसे. इंग्लंडमध्येही अठराव्या शतकात तुरुंगाधिकारी कैद्यांकडून घेतलेल्या फीवर जगत असत आणि निर्दोष सुटलेला माणूस फी भरता येत नाही म्हणून आत खितपत पडे. जॉन हॉवर्डने १७७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीमागे हेच दृश्य होते. आधुनिक राज्यसंस्थेने कोठडी आपल्या थेट ताब्यात घेतली ती या अनुभवांनंतर, हे ध्यानात घेतल्यास खासगीकरण ही नवी कल्पना नसून एकदा टाकून दिलेल्या पद्धतीकडे नव्या हिशेबपद्धतीनिशी परत जाणे आहे, असे दिसते.

तथापि या पद्धतीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद दुबळा नाही, आणि त्याचा सर्वांत समर्थ पुरस्कर्ता खुद्द जेरेमी बेंथम होता. १७९१ साली मांडलेल्या आपल्या आदर्श तुरुंगाच्या योजनेत त्याने तुरुंग कंत्राटाने चालवावा असे सुचवले. कैद्यांच्या श्रमाचा नफा कंत्राटदाराने घ्यावा, परंतु अपेक्षित प्रमाणाहून अधिक कैदी दगावले तर प्रत्येक मृत्यूमागे त्याने दंड भरावा, म्हणजे माणसाचे कर्तव्य आणि त्याचा स्वार्थ एकाच दिशेने ओढू लागतील, असा त्याचा हिशेब होता. आजचे समर्थकही याच धर्तीवर म्हणतात की, करारात दर्जा लिहिता येतो, दर्जा घसरल्यास पैसे कापता येतात, आणि शासकीय तुरुंगाला मात्र ग्राहक गमावण्याचे भय नसते. त्यांचा हा शेवटचा मुद्दा खोटा नाही. २०१८ मध्ये ऑरेगॉनमधील शेरिडन येथे आश्रय मागणाऱ्या शंभराहून अधिक माणसांना ठेवण्यात आले, त्यांत पंजाबातून गेलेले अनेक शीख होते, आणि त्यांना पगडी व उपासना नाकारल्याच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. तो तुरुंग खासगी नव्हता, संघीय शासनाचाच होता. म्हणून खासगी केंद्रावरील टीका ही शासकीय कोठडीची भलामण ठरू नये.

या युक्तिवादाला दिले गेलेले सर्वांत मूलगामी उत्तर इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात आढळते. २००४ च्या कायद्याने बीरशेबाजवळ खासगी तुरुंग उभारण्यास परवानगी दिली होती. नऊ न्यायाधीशांपैकी आठ जणांनी, न्यायाध्यक्ष डोरिट बेनिश यांच्या नेतृत्वाखाली, तो कायदा एकही कैदी तेथे येण्यापूर्वीच रद्द ठरवला. न्यायालयाने असे मानले की, खासगी तुरुंगातील सोयी शासकीय तुरुंगाहून चांगल्या असल्या तरी, ज्याचे पहिले उद्दिष्ट नफा आहे अशा संस्थेच्या हाती माणसाचे स्वातंत्र्य सोपवणे हाच त्याच्या स्वातंत्र्याच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्काचा भंग आहे. विरोधी मत नोंदवणाऱ्या न्यायाधीशांचे म्हणणे असे की, तुरुंग चालू झाल्यावर प्रत्यक्ष काय घडते ते पाहून निर्णय करावा. इस्रायली विचारवंत अलोन हारेल यांनीही अशीच भूमिका मांडली आहे की, शिक्षा ही समाजाच्या नावाने केलेली निंदा असल्यामुळे ती समाजाच्या वतीने बोलण्याचा अधिकार नसलेल्याने दिली तर ती शिक्षाच राहत नाही. मात्र ही भूमिका स्थानबद्धतेला जशीच्या तशी लागू करता येत नाही, कारण स्थानबद्धता शिक्षा नाही. आणि या अडचणीतून एक अधिक कठोर निष्कर्ष निघतो. शिक्षेत निदान समाजाची निंदा हे काही एक कारण असते. ज्याची निंदाही करावयाची नाही, ज्याला केवळ थांबवून ठेवावयाचे आहे, त्याच्या कोंडण्यातून कोणी नफा कमावला तर त्या नफ्यामागे निंदेचाही आधार उरत नाही.

येथे योगसूत्रांची लोभ, क्रोध आणि मोह ही विभागणी पुन्हा उपयोगी पडते. शासकीय कोठडीतील क्रौर्य बहुधा क्रोधातून किंवा मोहातून येते: हा आपला शत्रू आहे, अथवा याला वठणीवर आणणे हे आपले पुण्यकर्म आहे. क्रोध नियम मोडतो आणि म्हणून सापडतो. चौकशी, साक्ष, शिक्षा या उपायांनी त्याला काही अंशी आवर घालता येतो. लोभाची रीत वेगळी आहे. तो नियम सहसा मोडत नाही; नियमाच्या अक्षराला धरून चालत अर्थाला कात्री लावतो. किमान एक डॉलर असे लिहिले असेल तर तो नेमका एक डॉलर देतो, दोन जेवणे गरम असावीत असे असेल तर तिसरे थंड देतो, आणि तपासणीच्या तक्त्यात प्रत्येक रकाना भरलेला असतो. बेंथमचा हिशेब येथेच चुकतो. मृत्यू मोजता येतात म्हणून त्यांवर दंड बसवता येतो. पण डॉक्टरच्या भेटीसाठी काढलेले दिवस, अर्धवट पोटी गेलेली रात्र किंवा प्रश्नाला न मिळालेले उत्तर यांची मोजणी करारात बसत नाही, आणि जे मोजले जात नाही तेथेच बचत करण्यास लोभाला वाव मिळतो.

कोलोरॅडो राज्यातील ऑरोरा येथील केंद्राबाबत २०१४ पासून चाललेल्या दाव्यात ऐच्छिक आणि सक्तीचे यांतील सीमारेषाच वादाचा विषय झाली. आपापल्या बिछान्यापलीकडे जाऊन सामायिक जागाही फुकट स्वच्छ करण्यास भाग पाडले जाते आणि नकार दिल्यास एकांतकोठडीची धमकी असते, असे तेथील स्थानबद्धांचे म्हणणे होते. येथे कृत आणि कारित यांच्या साखळीला विलक्षण वळण मिळते. ज्याला कोंडले आहे त्याच्याच हातून कोंडण्याची व्यवस्था टिकवून धरली जाते, म्हणजे पीडितालाच स्वतःच्या पीडेच्या कर्त्यांत सामील करून घेतले जाते, आणि तो ऐच्छिक अर्जावर सही करतो म्हणून त्याची अनुमोदनाची नोंदही कागदोपत्री तयार असते. दाराला बाहेरून कुलूप असताना दिलेल्या संमतीचे मोल किती, हा प्रश्न कराराच्या भाषेत विचारलाच जात नाही.

याउलट जबाबदारीची वेळ येते तेव्हा कर्ता दिसेनासा होतो. २००१ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात न्यूयॉर्कमधील खासगी केंद्रात राहणाऱ्या हृदयविकाराच्या एका कैद्याला लिफ्ट वापरू दिली गेली नव्हती. पाचव्या मजल्यापर्यंत जिना चढताना त्याला झटका आला. घटनात्मक हक्कांच्या भंगाबद्दल संघीय अधिकाऱ्यावर थेट दावा करण्याची जी वाट होती, ती खासगी कंपनीविरुद्ध वापरता येणार नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. २०१२ मध्ये हेच तत्त्व खासगी तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांनाही लावण्यात आले. सामान्य नुकसानभरपाईचे दावे राज्यांच्या कायद्यांखाली करता येतात, असे न्यायालयाने कारण दिले, आणि ते अगदीच पोकळ नाही. परंतु टॅकोमा आणि ऑरोरा येथील वेतनाच्या दाव्यांत कंपनीने नेमका उलटा पवित्रा घेतला होता: आपण शासनाच्या सांगण्यावरून काम करतो, म्हणून शासनाला मिळणारे संरक्षण आपल्यालाही मिळावे. हक्कभंगाच्या वेळी खासगी आणि वेतनाच्या वेळी सरकारी, असे हे दुहेरी रूप आहे.

भगवद्गीतेच्या कर्मविचाराशी याची तुलना केली तर विपर्यास किती पूर्ण आहे ते लक्षात येते. लोकमान्य टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात कर्म सोडू नये, फळाची आसक्ती सोडावी, हा कर्मयोगाचा गाभा म्हणून मांडला आहे. एखादा मक्तेदार किंवा अधिकारी, आपण केवळ निमित्त आहोत, असे म्हणून गीतेचाच आधार घेऊ शकेल. पण गीतेतील निमित्तभाव फळ सोडणाऱ्यासाठी आहे. कोठडीच्या मक्त्यात कंपनी फळ घेते आणि कर्तृत्व शासनाचे म्हणते; शासन अधिकार राखते आणि कर्म कंपनीचे म्हणते. फळाचा स्वीकार आणि कर्तृत्वाचा नकार, हे कर्मयोगाचे तंतोतंत उलटे रूप आहे, आणि मक्त्याच्या कोठडीवरील धार्मिक आक्षेपाचे मूळ येथे आहे. केंद्रात अन्न चांगले मिळते की वाईट, यावर तो आक्षेप अवलंबून नाही.

धार्मिक सेवांच्या बाबतीत हा पेच आणखी सूक्ष्म होतो. मानकांनुसार केंद्रात चॅपलिन, म्हणजे उपासनेची व्यवस्था पाहणारा धर्मसेवक, किंवा त्याच्या जागी समन्वयक असावा. माणसाने सांगितलेल्या धर्माप्रमाणे आहार, रमजानमध्ये सूर्यास्तानंतरचे भोजन, पगडी किंवा टोपी, ग्रंथ आणि सामूहिक प्रार्थना यांची सोय व्हावी, असे अपेक्षित आहे. हे नियम उपकारक आहेत आणि अनेक स्वयंसेवी धर्मगट त्यांच्या आधारे आत जाऊन निरपेक्षपणे सेवा करतात. परंतु धर्मसेवकाचा पगार कोंडणाऱ्याकडून येतो तेव्हा दुःखी माणसाने सांगितलेली गोष्ट कोणाच्या विश्वासावर राहते, हा प्रश्न टळत नाही. आणि उपासना ही कराराच्या यादीतील एक बाब झाली की ती दिली गेली किंवा नाही एवढेच तपासले जाते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तो तुरुंग परक्या सत्तेचा होता, पण ते प्रवचन तुरुंगाने पुरवलेली सोय नव्हते, बंदिवानांनी स्वतः उभे केलेले काम होते. श्रद्धेचे स्वातंत्र्य म्हणजे काही मिळणे इतकेच नसते. कोंडलेल्या माणसाकडे कर्ता म्हणून उरलेली ती शेवटची जागा असते, आणि तिला सेवेच्या रकान्यात बसवताना माणूस पुन्हा एकदा केवळ घेणारा ठरतो.

शेवटी अनुमोदनाचा प्रश्न येतो आणि तो कंपनीच्या दारापाशी थांबत नाही. या कंपन्यांचे शेअर खुल्या बाजारात आहेत, निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांतून ते नकळत असंख्य निवृत्तिवेतनांच्या पोटात शिरतात, आणि त्यात स्वतः व्हिसाच्या मुदतीवर नजर ठेवून जगणारे भारतीयही असू शकतात. २०१९ मध्ये जेपी मॉर्गन चेस आणि बँक ऑफ अमेरिका यांनी या धंद्याला कर्ज देणे थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांना जनमताचा दाब जाणवला होता हे उघड आहे. तरी नकळत दिलेले अनुमोदन मागे घेता येते, एवढे तरी त्यातून दिसले. योगसूत्रांची मांडणी येथे सोय करून देत नाही: अनुमोदन सौम्य असू शकते, तीव्र असू शकते, पण ते दोषांच्या यादीतून वगळलेले नाही.

यावरून निघणारी कसोटी अशी सांगता येईल. एखाद्या माणसाला कोंडणे आवश्यक आहे असे समाज मानत असेल, तर त्या आवश्यकतेचा भार समाजाने आपल्या नावाने, आपल्या सेवकांकरवी आणि आपल्या न्यायालयांपुढे उभे राहून वाहिला पाहिजे. आणि कोंडलेल्याच्या श्रमातून वा मुक्कामातून कोणाचीही मिळकत होता कामा नये, कारण जेथे मुक्काम लांबण्यात मिळकत असते तेथे सुटकेच्या बाजूने उभे राहण्यास कोणी उरत नाही. ही कसोटी शासकीय कोठडीलाही तितक्याच कडकपणे लावावी लागेल, आणि तेथेही अनेक व्यवस्था नापास होतील. तिथे निदान गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे हे ठाऊक असते. मक्त्याच्या कोठडीत तेही ठाऊक नसते, म्हणून ज्याला कोणी कर्ता म्हणवून घेण्यास तयार नाही असे कर्म समाजाने करवून घेऊ नये, इतके तरी तत्त्व कौटिल्याच्या दंडसूचीपासून टॅकोमाच्या ज्यूरीपर्यंत सर्वांना मान्य करावे लागते.